कोंबड्यांच्या राखणीला कुत्रा तयार करताना: पिल्लू निवडण्यापासून मोकळं सोडण्यापर्यंत

चार महिन्यांचं पिल्लू कोंबड्यांच्या घोळक्यात पाय पसरून झोपलेलं दिसतं. मालक फोटो काढतो, गळ्यातली दोरी सोडतो आणि राखण्या तयार झाला असं सगळ्यांना सांगतो. मग सातव्या-आठव्या महिन्यात एका सकाळी खुराड्यापाशी तीन-चार तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मरून पडलेल्या सापडतात. पिसं उपटलेली, अंग लाळेनं ओलं, पण एकीचाही घास घेतलेला नाही. कुत्रा शेपूट हलवत शेजारीच उभा. "याला रक्ताची चटक लागली" म्हणून त्याला बडवतात, साखळीला अडकवतात, नाहीतर लांब नेऊन सोडून देतात.

चटक वगैरे काही नसतं. तो खेळत होता, आणि त्याच्या खेळात कोंबडी टिकत नाही. दांडगाई करणाऱ्या पिल्लाला मेंढी किंवा शेळी ढुशी देऊन जागेवर आणते. कोंबडी मात्र पळते, फडफडते, ओरडते, म्हणजे खेळकर कुत्र्याला हवं ते सगळं करते. म्हणून मेंढरांत जे कुत्रं बरंचसं आपोआप शिकतं, ते कोंबड्यांच्या बाबतीत माणसाला शिकवावं लागतं. त्याला दीड ते दोन वर्षं लागतात. हा काळ कमी करायला जाणाऱ्यांचंच नुकसान होताना दिसतं.

खालची पद्धत मोकळ्या फिरणाऱ्या गावरान किंवा गिरिराज, कावेरी यांसारख्या सुधारित कोंबड्यांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: कुत्र्याला कोंबड्यांचा लळा लावायचा नाही. त्याला कोंबड्यांचा कंटाळा यायला हवा. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

१. पिल्लू निवडणं

निम्मं काम इथंच होतं किंवा बिघडतं. पहिली पसंती धनगरी किंवा गावठी पिल्लाला द्या, आणि तेही ज्याची आई जनावरांत राहते अशा ठिकाणचं. धनगरांच्या वाड्यावर घोड्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर कोंबड्याही असतात. तिथलं पिल्लू डोळे उघडल्यापासून कोंबड्या पाहत असतं. शहरातल्या पेट शॉपमधून ही गोष्ट विकत मिळत नाही.

कारवान, पश्मी, मुधोळ हे देखणे आणि गुणी कुत्रे आहेत, पण पळत्या सावजामागे धावणं हेच त्यांचं काम. कोंबड्यांसाठी नको. लॅब्राडोरचा बाणा पक्षी तोंडात धरून आणण्याचा. जर्मन शेफर्ड कळप हाकायला बघतो आणि त्या हाकण्यात कोंबड्या कोपऱ्यात गुदमरतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहून अलाबाई (मध्य आशियातला धिप्पाड राखणदार कुत्रा) आणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की त्याचं खाणं, आपल्याकडचा उन्हाळा आणि त्याचा आकार या तिन्हींचा आधी हिशेब करा. एवढ्या मोठ्या कुत्र्याचा खेळ कोंबड्यांना फार महाग पडतो.

आईला बघा. तिच्या ताटलीजवळ कोंबडी आली तर ती काय करते? मान वळवून खात राहिली तर उत्तम, नुसती गुरगुरली तर चालेल, झडप घातली तर दुसरी वेत शोधा. मग पिल्लांपुढून एक कोंबडी चालत जाऊ द्या. दबा धरून, पोट जमिनीला लावून टक लावणारं पिल्लू घेऊ नका, कितीही चलाख वाटलं तरी. बघून परत आपल्या उद्योगाला लागणारं घ्या.

वय आठ आठवड्यांचं असावं. सात आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे ते आई-भावंडांकडून शिकत असतं.

सावधान: एकाच वेतीची दोन पिल्लं एकदम आणू नका. "एकमेकांना सोबत होईल" हे खरं, पण सोबतीनं होतो तो पाठलाग. एकटं पिल्लू जिथं नुसतं बघतं तिथं दोन पिल्लं शिकार खेळतात.

२. पिल्लू घरी येण्याआधीची तयारी

खुराड्याला किंवा कोंबड्यांच्या कुंपणाला लागून पिल्लासाठी साधारण दहा बाय दहा फुटांचा कप्पा करा. एक बाजू कोंबड्यांशी सामाईक हवी, म्हणजे दिवसभर त्या समोर दिसतील, पण तोंड पोचणार नाही. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी जाळी कुत्र्यापुढे टिकत नाही. खालचे तीन फूट वेल्डमेश लावा, जाळी फूटभर जमिनीत गाडा, किंवा मुरमाड जमिनीत ते जमत नसेल तर कडेनं दगड रचा. सावली आणि पाणी कप्प्याच्या आतच.

कप्प्यावरून कोंबडी उडून आत येऊ शकते का, हेही बघा. पिल्लाच्या आयुष्यातली पहिली मेलेली कोंबडी बहुतेक वेळा स्वतःच त्याच्या कप्प्यात उतरलेली असते. वरून जुनं मासेमारीचं जाळं किंवा शेडनेट टाकलं तरी भागतं.

कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा. कोंबडीच्या पिल्लांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीवरची मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं असू शकतात. जास्त प्रमाणात पोटात गेली तर कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, जीवही जातो. उंदरांचं औषध आणि शेडमध्ये फवारायचं गोचीडनाशक यांनाही हाच नियम.

डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. जंताचं औषध पिल्लू येताच आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

शेवटची तयारी घरच्या माणसांची, आणि तीच सर्वांत अवघड. अडवण्याचा शब्द एकच ठरवा. "सोड" म्हणा किंवा "नाही" म्हणा, पण आजीनं "हाड", पोरानं "नो" आणि गड्यानं "ए" म्हणायचं नाही. पोरांनी कोंबड्यांमागे धावायचं नाही. पिल्लू शब्दांपेक्षा पोरांचं बघून जास्त शिकतं.

तपासणी: कप्प्याच्या आत बसून चारही बाजूंनी जाळी हातानं ढकलून बघा. तुमचा हात जिथं जातो तिथं पिल्लाचं तोंड जाणार.

३. आठ ते बारा आठवडे: फक्त जाळीतून ओळख

या महिन्यात पिल्लू आणि कोंबड्या एका जागी आणायच्या नाहीत. तुम्ही फक्त कप्प्यात बसायचं. पिल्लू कोंबडीकडे बघेल, बघू द्या. ज्या क्षणी ते आपण होऊन नजर काढून घेईल त्या क्षणी शाबासकी आणि भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा. कोंबडीकडे बघत असताना खाऊ देऊ नका. खाऊ नजर काढल्याचा आहे. ही वेळ चुकली की पिल्लू नेमकं उलटं शिकतं.

याच काळात "सोड" शिकवून घ्या. कोंबडी समोर नसताना, चपलेवर, चिंधीवर, लाकडावर. तोंडातली वस्तू शब्दाला सुटायला लागली, की मगच तो शब्द कोंबड्यांपाशी वापरायचा. गळ्यात पट्टा आणि दोरीची सवयही आताच.

जेवण दिवसातून तीन-चार वेळा, कोंबड्यांपासून लांब. कुत्र्याच्या ताटलीत कोंबडीनं चोच घातली आणि त्यानं ती झटकली, की भांडणाला सुरुवात होते. नुसत्या दूध-भाकरीवर वाढत्या पिल्लाचं भागत नाही. उकडलेलं अंडं, डाळ, हाडं काढून शिजवलेलं मांस घाला. भुकेल्या कुत्र्याला संयम शिकवता येत नाही.

सावधान: कोंबडी कापल्यावरची मुंडी, पाय, आतडी कच्ची टाकू नका. पिसासकट तर अजिबात नाही. कापणंही त्याच्या नजरेआड करा. कुत्र्याला मांस चालतं, पण ते कोंबडीच्या रूपात ओळखू येता कामा नये.

४. तीन ते पाच महिने: दोरीला धरून कळपात

आता आत जायचं, पण वेळ निवडून. सकाळी खुराडं उघडल्यावर कोंबड्या उड्या मारत बाहेर पडतात, दाणा टाकल्यावर धावतात. या दोन्ही वेळा नकोत. दुपारी त्या सावलीत बसतात, धुळीत लोळतात, ती वेळ धरा. पिल्लाला आधी शेताला एक चक्कर मारून दमवून आणा.

पहिल्या आठवड्यात कडेलाच बसायचं, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग कडेकडेनं चालायचं. मग पिल्लाला कमरेला बांधून रोजची कामं करायची: पाणी भरणं, अंडी गोळा करणं, लेंडी झाडणं. दोरी ढिली राहिली पाहिजे. ताणलेल्या दोरीनं कुत्रा आणखी पुढं ओढतो.

सुरुवात मोठ्या, शांत कोंबड्यांपासून. छोटी पिल्लं या टप्प्यात नाहीत. पिल्लंवाली किंवा खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी कुत्र्याच्या अंगावर धावून येते. एखादी टोच बसली तर बरंच कळतं, पण ती डोळ्याच्या जवळ बसते, म्हणून तो धडा मुद्दाम घडवून आणू नका.

सगळं लक्ष कुत्र्याच्या अंगावर ठेवा. जांभई, जमीन हुंगणं, एका कुशीवर आडवं होणं, कोंबड्यांकडे पाठ करून बसणं ही चांगली लक्षणं. तोंड एकदम मिटणं, नजर खिळणं, कान पुढं, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ ही वाईट. अडवायचं ते इथं, नजर खिळल्यावर. धावायला लागल्यावर ओरडून उपयोग नाही, तोवर मजा सुरू झालेली असते. शब्द द्या, त्याच्या आणि कोंबडीच्या मध्ये उभे राहा, आणि तरी नजर सुटली नाही तर शांतपणे बाहेर घेऊन जा. दोन मिनिटांनी परत.

मारायचं का नाही, हा प्रश्न हमखास येतो. मार खाल्लेला कुत्रा कोंबडीला हात न लावणं शिकत नाही, तुमच्यासमोर हात न लावणं शिकतो. राखणीच्या कुत्र्याचं काम तुम्ही नसतानाचं आहे.

तपासणी: सलग पंधरा दिवस दोरी एकदाही ताणली गेली नाही, तरच पुढं जा. वय पुरं झालं म्हणून जाऊ नका.

५. पाच महिन्यांनंतर: ओढती दोरी आणि रात्रीचं काम

वीस-पंचवीस फुटांची दोरी पट्ट्याला बांधून जमिनीवर ओढत ठेवा. टोकाला फास किंवा गाठ नको, झुडपात अडकते. तुम्ही जवळपास काम करत राहा. गडबड दिसली तर दोरीवर पाय ठेवला की पुरे. तुम्ही घरात गेलात तर कुत्रा कप्प्यात. "पाच मिनिटांत येतो" याला अपवाद नाही.

दुसऱ्या बाजूला, रात्रीची राखण याच वयात सुरू करता येते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रात्री कोंबड्या खुराड्यात बंद असतात. कुत्रा बाहेरच्या कुंपणात मोकळा राहिला तर कोल्हा, रानमांजर, भटकी कुत्री यांच्यावर त्याची भुंक बसते आणि कोंबड्यांना त्याच्यापासून धोका नसतो. राखणीसाठी कुत्रा कोंबड्यांच्या मध्येच असावा लागत नाही. काही कुत्री आयुष्यभर एवढंच काम उत्तम करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. मुंगूस मात्र दिवसा येतं. तुमचा खरा त्रास मुंगसाचा असेल तर पुढचे टप्पे टाळता येणार नाहीत. घारीचा असेल तर लहान पिल्लांवर जाळी घाला. वरून येणाऱ्याला कुत्रा फार तर भुंकतो.

सावधान: जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात किंवा बिबट्याचा वावर असलेल्या कुठल्याही भागात वरचा परिच्छेद लागू नाही. बिबट्याला कुत्रा हेच सोपं भक्ष्य आहे. साखळीला बांधलेला तर हमखास जातो. तिथं रात्री कुत्र्याला खुराड्याशेजारी छत आणि दार असलेल्या मजबूत जाळीच्या खोलीत ठेवा. आतून त्याचं भुंकणं तुम्हाला उठवायला पुरेसं आहे.

६. सहा ते चौदा महिने: जिथं घात होतो

शहाणं झालेलं पिल्लू या काळात अचानक विसरल्यासारखं वागतं. अंग मोठं, डोकं लहान. पुढचे पाय टेकून कोंबडीला खेळायला बोलावेल, पंजाखाली दाबून चाटत बसेल, शेपटीची पिसं ओढेल. चाटणं बघून "किती माया आहे" म्हणू नका. त्यानंतरची पायरी उपटणं आहे.

याची मस्ती पहाटे आणि तिन्हीसांजेला उफाळते. त्या वेळी कळपात ठेवूच नका. आधी शेताला फेरी, जुनं टायर, दोरखंड, मोठं हाड, जे असेल त्यावर जोर काढू दे. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा सुटल्यावर काय करणार हे सांगायला नको. साखळी हा या प्रश्नाचा उपाय नाही, निम्म्या ठिकाणी तीच कारण असते.

आणखी एक कारण आपणच पुरवतो: कोंबड्या पकडणं. आखाडात गिऱ्हाईक वाढतं, रविवारी सकाळी दोघं-तिघं कोंबड्यांमागे पळत सुटतात, आणि कुत्रा मालकाला पाठलाग करताना बघतो. विकायच्या कोंबड्या आदल्या रात्री दांडीवरून उचलून डालग्याखाली ठेवा. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचायच्या दिवशीही कुत्रा कप्प्यात.

आणि तरीही मेली तर? मेलेली कोंबडी शांतपणे उचला, कुत्र्याला कप्प्यात घाला. तासाभरानं कोंबडी दाखवून मारलं तर कशाबद्दल मारलं हे त्याला कळत नाही. मेलेली कोंबडी गळ्यात बांधून ठेवायचा गावठी उपाय अजून सांगितला जातो. तो करू नका. दोन दिवस कुजणारं मांस नाकाखाली राहिलं तर कुत्र्याला शिसारी येत नाही, भूक लागते, शिवाय रोग पसरतो. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा, म्हणजे तो उकरून काढणार नाही.

मग कारण शोधा. उपाशी होता का? एकटा किती वेळ होता? कोंबडी त्याच्या कप्प्यात उडाली होती का? बाहेरचा कुत्रा जोडीला आला होता का? कारण बंद करा आणि चौथ्या टप्प्यावर परत या, किमान तीन-चार आठवडे. मागं यावं लागणं यात नवल नाही, बहुतेक कुत्र्यांना एकदा तरी यावं लागतं.

दोन वर्षांचा होऊनही मारतच असेल, तर त्याला कुंपणाबाहेरची राखण द्या. दुसऱ्या कोंबडीवाल्याला न सांगता देऊन टाकू नका.

अंड्यांचं थोडक्यात: दिवसातून दोनदा गोळा करा, अंडी घालायची खोकी अडीच-तीन फूट उंचीवर लावा, फुटलेली अंडी आणि टरफलं कुत्र्याला टाकू नका. कडब्याच्या गंजीत लपून घातलेली अंडी शोधून काढा. अंडं फोडायची सवय एकदा लागली की जवळजवळ जात नाही.

७. मोकळं सोडणं

दीड वर्षाच्या आसपास, आणि पुढच्या गोष्टी तुमच्या समोर, दोरी लावून, पार पडल्यावर:

- एक कोंबडी हातात धरून फडफडू दिली, कुत्रा जागचा उठला नाही.
- दाण्यावर कोंबड्या धावल्या, त्यानं नुसती मान वर केली.
- कोंबडी त्याच्या अंगावरून चालत गेली, तो पडून राहिला.
- दोन कोंबडे भांडले, तो उठून बाजूला गेला. (काही कुत्री भांडण सोडवायला जातात. ते प्रेमळ दिसतं, पण थांबवा.)

मग तुम्ही लपून बघायचं. आधी अर्धा तास, दुपारी. पुढच्या आठवड्यात दोन तास, मग अर्धा दिवस. पहाट आणि संध्याकाळ सर्वांत शेवटी. जमत असेल तर जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावा. रोज संध्याकाळी कोंबड्या मोजा आणि हातात घेऊन शेपटीकडची पिसं बघा. मेलेल्या कोंबडीच्या आधी ओली, मोडकी पिसं दिसतात.

छोटी पिल्लं सगळ्यांत शेवटी. त्यांचा बारीक आवाज आणि तुरुतुरु पळणं मोठ्या, शहाण्या कुत्र्यालाही भुलवतं. पुन्हा जाळीतूनच सुरुवात करा, फक्त या वेळी महिन्याऐवजी आठवडा पुरतो.

नवे पक्षी आणले तरी हेच. तांबड्या गावरान कोंबड्यांत वाढलेल्या कुत्र्याच्या लेखी पांढरी कोंबडी, बदक किंवा टर्की "आपली" नसते, कुंपणात घुसलेली परकी असते, आणि परक्याला हुसकणं तर तुम्हीच शिकवलंय. नवे पक्षी दोन-तीन दिवस खुराड्यात बंद ठेवा, त्याला हुंगू द्या, मग दोरी लावून समोर सोडा.

दुसरा कुत्रा हवा असेल तर पहिला दोन वर्षांचा होईपर्यंत थांबा. नवं पिल्लू मोठ्याच्या शेजारच्या कप्प्यात ठेवा, दोघांना कळपात एकत्र सोडायची घाई करू नका. टप्पे तेच, पण कोंबडीकडे दुर्लक्ष कसं करायचं हे दाखवणारा आता घरातच असतो, त्यामुळे चौथा टप्पा बराच लवकर उरकतो. सहावा मात्र याच्याही वाट्याला येतो.